बारा माना

कालेर्वे, कंपाला
४ मार्च २०१९

लुटाया मामा,

कागदावर गुडघे टेकता येत नाहीत, पण टेकलेत असं समजा. तुम्हाला, मामीला, जुळ्यांना आणि बुकाकाटाच्या रस्त्यावरच्या तुमच्या पंक्चरच्या दुकानालाही माझा नमस्कार. फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र टॅक्सीवाल्याच्या हाती देते आहे. तो म्हणाला, "म्हाताऱ्याला पत्र? कोण गेलं?" म्हटलं, कुणी गेलं नाही बाबा, काम आहे. आणि त्यांना म्हातारा म्हणू नकोस.

तर कामाचंच लिहिते, तुम्हाला पाल्हाळ आवडत नाही. (माइकवरचं सोडून.)

मी आता विद्यापीठात आहे. शिकायला नव्हे, नोकरीला. संगणक, फोन, नवे कॅमेरे ही जी साधनं आली आहेत, त्यांनी चित्रातली गोष्ट आणखी कुठल्या तऱ्हेने सांगता येते, याचा शोध घ्यायचा असं आमचं काम. माझ्या घरमालकिणीची समजूत आहे की मी लग्नाचे व्हिडिओ काढते. मी आता तिला सुधारायला जात नाही.

आम्ही एक नऊ मिनिटांचा सिनेमा केला आहे. आम्ही म्हणजे मी आणि लाकेर. ती माझ्याबरोबर काम करते, उत्तरेकडची, अचोली. हा सिनेमा भिंतीवर दिसत नाही. डोळ्यांवर एक डबडं बांधायचं, की माणूस किरेकाच्या दगडखाणीत मधोमध जाऊन बसतो. चहूबाजूंनी खाण. मान वळवाल तिकडे काहीतरी चाललेलं. समोर लामुनू नावाची बाई दगड फोडते आहे. आणि पाचव्या मिनिटाला, बघणाऱ्याच्या पाठीमागे, लामुनूची मुलगी शाळेतून येते. गणवेश उतरवते, नीट घडी घालून ठेवते आणि हातोडी उचलते. ती उद्यापासून शाळेत जाणार नाही. गोष्ट म्हणाल तर एवढीच, आणि ती सगळी पाठीमागे घडते.

लामुनू बोलते अचोली. ती इथे कालेर्वेत कुणाला कळणार? म्हणून आम्हाला वीजे हवा आहे. परक्या भाषेतला सिनेमा चालू असताना मागे बसून माइकवर आपल्या भाषेत गोष्ट सांगणारा तो वीजे, हे मी तुम्हाला काय सांगायचं! पण अनुदानाच्या अर्जात तेवढं पटवायला मला दोन पानं खर्ची घालावी लागली.

तुम्हीच या असं मी म्हणत नाही. तुमच्या ओळखीतला कुणी असेल तर नाव कळवा. तुमचा शब्द वजनाचा आहे. कालेर्वेच्या बाजारात अजून लोक तुमच्या माइकवरच्या नावाने "वीजे एंगोमा कुठे गेला" म्हणून विचारतात. मी सांगते, गावी आहेत, मजेत आहेत.

तुमची भाची,
नासुना


कालेर्वे
२७ मार्च

मामा,

उत्तर आलं नाही. मामीला फोन केला तर ती म्हणाली, तुम्ही पत्र वाचलंत आणि "हं" म्हणालात. मी विचारलं, कसलं "हं"? ती म्हणाली, "बाई, तीस वर्षं झाली लग्नाला, मलाच कळत नाही, तुला काय सांगू!"

त्या "हं"वर भरवसा ठेवून पुढचं लिहिते.

गेल्या शनिवारी आम्ही सिनेमाची पहिली चाचणी घेतली. बाजारातलीच बारा माणसं बोलावली: कोबीवाली, दोन शिंपी, केस विणणाऱ्या तिघीजणी, मोटारसायकलवाले. बाकं मांडली, बारा जणांना बारा डबडी बांधली आणि आम्ही श्वास रोखून उभ्या राहिलो. नऊ मिनिटं झाली. मामा, एकाही माणसाची मान हलली नाही! बाराच्या बारा समोर तोंड करून, हात मांडीवर ठेवून, प्रार्थनेला बसल्यासारखे.

डबडी काढल्यावर मी विचारलं, "कसं वाटलं?"

"छान. बाई दगड फोडते."

"आणि मागे?"

"मागे काय?"

"अहो, मागे तिची मुलगी आली होती! सगळी गोष्ट मागे होती!"

त्यावर एक मोटारसायकलवाला मला समजावू लागला, अगदी लहान पोरीला समजवावं तसं. "मॅडम, सिनेमा समोर असतो. सिनेमात मागे कोण बघतो? एक तर पाकीटमार, नाहीतर दुसऱ्याच्या बायकोवर डोळा ठेवणारा. आम्ही घरंदाज माणसं आहोत."

आमच्या प्रमुख, डॉक्टर बिरुंगी, त्यांनी वाचलेल्या पुस्तकांत लिहिलंय की प्रेक्षकाला हवं तिकडे बघायचं स्वातंत्र्य मिळालं की तो हरखून जातो. ती पुस्तकं लिहिणारे कुठल्या व्हिडिओ हॉलमध्ये बसले होते देव जाणे. आमच्या हॉलमध्ये मागे वळून बघणाऱ्याला तुम्ही माइकवरून काय म्हणायचात? "ए निळा शर्ट! हिरो इकडे मरतोय, तू तिकडे कुणावर मरतोयस?" अशा शाळेत शिकलेली माणसं ही. ती मान कशाला वळवतील!

मग आम्ही शहाणपणा केला. एक रेडिओवरचे बातम्या देणारे गृहस्थ धरून आणले. लाकेरने अर्थ लिहून दिला, त्यांनी तो स्वच्छ आवाजात वाचला, आम्ही ध्वनिमुद्रण करून सिनेमाला जोडलं. पाचव्या मिनिटाला ते म्हणतात, "आता कृपया मागे वळून पाहा." पुन्हा बारा माणसं बसवली. या वेळी नेमके चार जण आधीच कुतूहलाने मागे वळलेले होते. "मागे पाहा" ऐकल्यावर ते आज्ञाधारकपणे पुढे वळले. पुढचे मागे वळले. मधल्या बाकावर दोघींची डोकी अशी आपटली की शिंप्याने डबडं काढून विचारलं, दगड कुणाला लागला? हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

पण त्या आपटलेल्या डोक्यांनी मला शिकवलं. मुद्रित आवाज आंधळा असतो. समोर बसलेला माणूस कुठे बघतोय हे त्याला दिसत नाही.

तुम्हाला दिसायचं. बाकीचे वीजे पडद्याशेजारी बसायचे, तुम्ही मात्र सगळ्यात मागे, स्टुलावर. मी एकदा विचारलं होतं, मामा, तुम्हाला इथून लोकांची तोंडं कशी दिसणार? तुम्ही म्हणालात, "तोंड खोटं बोलतं, मान बोलत नाही." एखादी मान खाली जायला लागली की तुम्ही गोष्टीत साप सोडायचात, सिनेमात साप असो वा नसो. लगेच सगळ्या माना ताठ!

८ जूनला अनुदान देणारी माणसं बघायला येणार आहेत. त्या दिवशीही बारा माणसं नुसती समोर बघत बसली, तर हे काम बंद होईल. ओळखीतला कुणी नको, मामा. तुम्ही या.

नासुना


कालेर्वे
२१ एप्रिल, ईस्टर

मामा,

माझंच पत्र परत आलं. मागच्या कोऱ्या बाजूवर तुमच्या अक्षरात एक ओळ: "कामाचं सगळं लिहिलंस. बाकीचं कुठे आहे?"

अकरा वर्षांत तुमचं हे पहिलं वाक्य. मी ते दिवसभर पर्समध्ये घेऊन फिरले. आज सगळे चर्चला गेलेत, घर रिकामं आहे. बाकीचं लिहिते.

आईला आणि आजीला मी जे सांगितलं ते असं: मी सोळा वर्षांची होते, शाळेतून सुट्टीला आले होते, हॉलमध्ये तुमच्या एका वाक्याची चूक दाखवली, लोक हसले, आणि मामा एवढ्याशा गोष्टीवरून रुसून बसले. सगळ्यांनी तेच धरलं. एवढ्याशा गोष्टीवरून.

गोष्ट एवढीशी नव्हती, हे तुम्हाला आणि मला माहीत आहे.

त्या रविवारी दुपारी माझ्याबरोबर पर्पेच्युआ होती, वसतिगृहातली माझी मैत्रीण. तिच्या घरी जेवणाच्या टेबलावर इंग्रजी बोलायचे. मीच तिला मोठ्या तोऱ्यात आणलं होतं, की चल, माझ्या मामाचा हॉल बघ. सिनेमात एक मुलगा दवाखान्यात बापाच्या खाटेशी उभा होता. तो म्हणाला, मला लाज वाटत होती म्हणून मी इतकी वर्षं आलो नाही. आणि तुम्ही माइकवर म्हणालात, "बाबा, मी गाय विकली नाही. ती अजून आपल्याच गोठ्यात आहे, तुमच्या हाताची वाट बघते." माझ्या शेजारची केळीवाली डोक्याच्या फडक्याचं टोक तोंडात धरून रडत होती. पर्पेच्युआ खुदकन हसली. "तुझ्या मामाला इंग्रजी येत नाही का गं?"

तेवढ्याने माझं डोकं फिरलं. मी बाकावर उभी राहिले आणि ओरडले, "खोटं आहे! तो असं म्हणत नाहीये!" आणि खरं वाक्य सांगितलं. मग पुढचं वाक्य. मग त्याच्या पुढचं. लोक हसायला लागले, शिट्ट्या मारायला लागले. कुणीतरी म्हणालं, पोरीला माइक द्या.

मी तुमच्या हातातून माइक घेतला, मामा. हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. तुम्ही दिला नाहीत, मी घेतला. तुमच्या स्टुलाशी उभी राहून मी वीस मिनिटं तो सिनेमा सांगितला. एक शब्दसुद्धा चुकला नाही. शाळेत बक्षीस मिळालं असतं. आणि मी सांगत असताना एकेक माणूस उठून बाहेर गेला. आधी केळीवाली गेली. शेवटी हॉलमध्ये पर्पेच्युआ, तुम्ही आणि मी. तुम्ही यंत्र बंद केलंत, खोकं झाकलंत आणि मला म्हणालात, "जेवून जा." मी जेवायलाही थांबले नाही.

ज्या इंग्रजीने मी तुम्हाला खोटं पाडलं ती शिकवणारी शाळा तुम्हीच मला दाखवलीत. आईचं म्हणणं होतं पोरगी शिवण शिकेल. तुम्ही तिच्याशी भांडलात.

मला तुमची लाज वाटली होती. तेवढा एक क्षणच वाटली, पण वाटली. आणि त्यानंतर अकरा वर्षं स्वतःची वाटते आहे, म्हणून मी रुसव्याची खोटी गोष्ट सांगत फिरले. मी माफी मागते. सिनेमासाठी नव्हे. तुम्ही ८ जूनला आला नाहीत तरीही मागते. काम बुडालं तर बुडू दे, पोट भरायला मला लग्नांचे व्हिडिओ आहेतच.

नासुना


कालेर्वे
१२ मे

मामा,

मामी येऊन गेली. म्हणे बाजारात कापड घ्यायला आले. कापड काही घेतलं नाही. सरळ आमच्या कामाच्या खोलीवर आली, खुर्चीत बसली आणि म्हणाली, "आण ते तुझं डबडं. बघू तरी काय आहे, ज्याच्यापायी माझा नवरा महिनाभर झोपेत बडबडतोय."

बांधलं. मामी म्हणजे काही हॉलमधल्या शिस्तीत वाढलेली नाही, तिची मान पहिल्या क्षणापासून चारी दिशांना. "अगं बाई, हा ट्रक माझ्या अंगावर येतोय! ए ड्रायव्हर, डोळे फुटले का? ... ही बाई एवढ्या उन्हात डोक्यावर फडकं का बांधत नाही? ... लाकेर, तिला सांग ना!" लाकेर हसून हसून जमिनीवर बसली. मग पाचवं मिनिट आलं.  मामी अर्धी मागे वळलेली होती, एक हात पुढे केलेला. नंतर कळलं, ती त्या मुलीच्या हातातली हातोडी काढून घ्यायला बघत होती.

चहा पिताना ती म्हणाली, "तुझं पत्र त्यांनी मला वाचून दाखवलं. माइकचं मला माहीत नव्हतं. त्यांनी कधी सांगितलंच नाही. मलाही ते 'एवढीशी गोष्ट' म्हणायचे."

म्हणजे तुम्हीही, मामा? मला वाचवायला?

मग तिने मला माहीत नसलेलं सांगितलं. मला वाटायचं, लोक हसले म्हणून तुम्ही हॉल बंद केलात. मामी म्हणाली, "लोक हसले तर हसले. चार दिवसांत विसरले आणि परत आले. बिघडलं ते वेगळंच. त्या दिवसापासून तुझे मामा बोलायच्या आधी थांबायला लागले. वाक्य यायचं, ते तोंडात धरून बसायचे, की हे खरं आहे का? तोवर सिनेमा पुढे गेलेला. थांबणाऱ्या वीजेचं कोण ऐकतं? तीन महिन्यांनी हॉल आपोआप बंद पडला."

मामा, मी फक्त तुमची एक दुपार हिरावली असं समजत होते.

जायला निघाली तेव्हा दारात उभी राहून मामी म्हणाली, "अरे हो, त्यांनी एक विचारायला सांगितलंय. काय ते मला नाही कळलं, जसंच्या तसं सांगते. ते डबडं बांधल्यावर माणसाची मान उघडी राहते का?"

राहते, मामा. पट्टा कानांच्या वरून जातो. मान पूर्ण उघडी राहते. मागे स्टूल टाकलं की बाराच्या बारा माना एका नजरेत दिसतात. संगणकावर सगळी खाण एकदम दिसते, चपाती लाटावी तशी सपाट, म्हणजे लामुनू, ट्रक आणि मुलगी तिन्ही तुमच्या समोर राहतील. आणि लामुनू काय बोलते त्याचा नेमका अर्थ लाकेरला विचारून मी कागदावर लिहून ठेवला आहे, मिनिटं घालून. लागला तर.

यायलाच पाहिजे असं नाही. पण स्टूल मी आणून ठेवलं आहे.

नासुना


कालेर्वे
९ जून, रविवार

मामा,

काल तुम्ही आलात आणि एक शब्द न बोलता गेलात. म्हणजे माझ्याशी. बाकी सगळ्या जगाशी बोललात. म्हणून हे पत्र. जे तुमच्या तोंडावर बोलायला हवं होतं ते इथे लिहिते.

तुम्ही दारातून आत आलात तेव्हा मी ओळखलंच नाही. केस पांढरे झालेत! गुडघे टेकून नमस्कार केला, तर तुम्ही डोक्यावर हात ठेवलात आणि स्टुलाकडे गेलात. स्टूल डुगडुगत होतं. मी रात्र रात्र बसून लिहिलेला अर्थाचा कागद तुम्ही उचललात, चार घड्या घातल्यात आणि स्टुलाच्या पायाखाली सरकवलात. लाकेरने माझा हात दाबला. डॉक्टर बिरुंगींनी चष्मा पुसला. अनुदानवाले दोन पाहुणे वहीत काहीतरी लिहीत होते.

बारा जणांत स्वतः लामुनू होती. तिला आम्ही खाणीतून मुद्दाम आणलं होतं. आता वाटतं, तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. भीतीने सांगितलं नाही. ती कंपालात वीस वर्षं राहिलेली, बाजारापुरती आपली भाषा तिला येते.

सिनेमा सुरू झाला. तुम्ही माइक तोंडाशी धरलात आणि थांबलात.

मी माझे दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. सगळे अर्थ मला पाठ होते. पहिलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. अर्धं मिनिट गेलं. एका माणसाने डबडं काढायला हात वर केला, दोन माना खाली गेल्या. मी मनात म्हणत होते, मामा, साप सोडा, काहीही सोडा!

आणि तुम्ही हळूच म्हणालात, "मंडळी, खाणीत साप नाहीत. असते तर या बायकांनी त्यांनाही दगड फोडायला बसवलं असतं."

बारा जणांत पहिलं हसू फुटलं ते लामुनूचं. तिथून तुम्ही सुटलात. ट्रक आला की तुम्ही उजवीकडच्या माना बघून म्हणायचात, "ए, तिकडे काय बघतोस, चाकाखाली पाय जाईल." ज्याची मान वळली नव्हती त्याला, "हिरवी टोपी, तुझ्या डावीकडची म्हातारी तुलाच शिव्या देते आहे, ऐकून तरी घे." सगळ्या माना शेतातल्या मक्यासारख्या हलायला लागल्या. मागे बघणं म्हणजे वाईट चालीचं लक्षण, हे सगळे विसरले. तुम्ही सांगताय म्हटल्यावर त्यांना तिकडे बघायला परवानगी होती.

पाचवं मिनिट आलं. लामुनू दगडावरून मान वर करते, बघणाऱ्याच्या पलीकडे बघते आणि अचोलीत दोन शब्द बोलते. त्यांचा अर्थ फक्त एवढा आहे, "पाणी आण." तुम्ही माइकवर म्हणालात, "ती म्हणते, थांबा. ही पावलं माझ्या ओळखीची आहेत. या वेळेला का वाजतायत?"

बाराच्या बारा माना एकदम मागे वळल्या. एकसुद्धा डोकं आपटलं नाही.

आणि तेवढ्यात लामुनू ओरडली, "ए बाबा, मी पाणी मागितलं होतं! तसलं काही बोलले नाही मी!"

कुणीतरी फिसकन हसलं. एका पाहुण्याने वहीतून डोकं वर काढलं.  मला वाटलं, मीच पुन्हा बाकावर उभी राहिले आहे. तुमच्याकडे बघायची हिंमत झाली नाही, मी तुमच्या चपलांकडे बघत होते.

तुम्ही थांबला नाहीत. "पाणीच मागितलंस, आई," तुम्ही म्हणालात. "चुकलो. पण पाण्याचा डबा तर तुझ्या पुढ्यात होता, मला दिसतोय इथे. मग तू मान वर करून मागे कुणाकडे पाहिलंस?"

 डबड्याखालून लामुनूच्या गालावर पाणी आलं. मग ती म्हणाली, "तिच्या चपला वाजल्या म्हणून. शाळा सुटायला दोन तास होते."

 मागे ती मुलगी गणवेशाची घडी घालत होती आणि बारा जण ती घडी बघत होते. त्यानंतर तुम्ही एकच वाक्य बोललात, "पुढचं तिच्या आईला ठाऊक आहे, आई सांगेल." आणि खरंच, उरलेली तीन मिनिटं लामुनूने सांगितली, तिच्या मोडक्यातोडक्या भाषेत. ती अडखळली की तुम्ही शब्द द्यायचात. तुम्ही वाहवलात की ती म्हणायची, "नाही नाही, असं नव्हतं," आणि तुम्ही म्हणायचात, "बरं, मग कसं?" कोण वीजे आणि कोण सिनेमातली बाई, काही कळेना. डॉक्टर बिरुंगींनी नंतर मला विचारलं की या तऱ्हेला काय नाव द्यायचं. मी म्हटलं, नाव राहू द्या, आधी मला रडून घेऊ द्या.

अनुदानाचं अजून त्यांनी काही सांगितलेलं नाही. पाहुणे जाताना दोघेही मान वळवून वळवून स्टुलाकडे बघत होते, एवढं खरं.

मला खात्री होती की सगळं आवरल्यावर तुम्ही माझ्याशी बोलाल. मी शेंगदाण्याच्या रश्शाबरोबर कच्च्या केळ्यांची मातोके वाफवून ठेवली होती. कुकर उघडेपर्यंत तुम्ही टॅक्सी स्टँडकडे निघून गेला होता. मी ताट वाढून तशीच बसले. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. मग लाकेर धापा टाकत आली. ती तुम्हाला टॅक्सीपर्यंत पोहोचवायला गेली होती. लामुनूही तुमच्याबरोबर होती आणि वाटभर तुमच्या मागे लागली होती, की पुढच्या शनिवारी हे सगळं खाणीतल्या बायकांना दाखवायचं, उघड्यावर, तिथेच. तुम्ही तिला म्हणालात, "येईन. पण तुझी भाषा मला येत नाही. माझ्या कानाशी खरा अर्थ सांगणारं कुणीतरी हवं. काय बोलायचं ते मी ठरवीन, पण खरं काय ते मला माहीत पाहिजे."

लामुनू म्हणाली, मी सांगेन. तुम्ही म्हणालात, तू कशी सांगशील, तू सिनेमात असणार.

मग टॅक्सीत चढताना, दुसरीकडे बघत, तुम्ही लाकेरला विचारलंत, "शनिवारी नासुना मोकळी आहे का?"

मी मोकळी आहे, मामा.

नासुना